आधी शेवटच्याचा लाडू

सिंगापूर सपाट आहे असं सरांसमोर म्हणायची सोय नव्हती. कोणी नवीन माणूस हौसेने तसं म्हणालाच, तर सर सायकल कठड्याला टेकवायचे, बाटलीचं झाकण उघडायचे आणि रस्त्यावर घोटभर पाणी ओतायचे. मग आम्ही सगळ्यांनी हेल्मेटसकट वाकून ते पाणी कुठे जातं ते बघायचं. पाणी थोडा वेळ जागच्या जागी घुटमळायचं आणि मग एका बाजूला निघायचं. "त्याले विचारा आता, सपाट आहे का," सर म्हणायचे. ईस्ट कोस्टच्या पार्कात शनिवारी सकाळी फिरायला आलेली चिनी म्हातारी माणसं आमच्याकडे वळून वळून बघत जायची. कुठे तोंड लपवू असं मला व्हायचं.

सर पावसाच्या पाण्याचे इंजिनियर. म्हणजे आभाळातून पडलेलं पाणी रस्त्यांवर न तुंबता नाल्यांतून समुद्रात कसं जाईल, हे बघण्यात त्यांची सिंगापुरातली सगळी नोकरी गेली. मूळचे अकोल्याकडचे. तरुणपणी दोन वर्षं एका कॉलेजात शिकवलं होतं, तेवढ्यावर आयुष्यभराचे 'सर' झाले. बुटके, काटक, मिशी अजून काळी. आम्ही सगळे महागड्या, अंगाला चिकटणाऱ्या कपड्यांत यायचो. सर पूर्ण बाह्यांच्या सुती शर्टात. पँटचा उजवा पाय भाजीच्या जुडीला लावतात तसल्या रबराने बांधलेला. डोक्यावर नारिंगी हेल्मेट, ते मात्र उत्तम प्रतीचं. सायकल लोखंडी आणि जुनी. आमच्यातल्या एकाने तिचं वजन करून बघितलं आणि मग स्वतःची सायकल एका हाताने उचलून पुन्हा खाली ठेवली.

हा माणूस दर वर्षी मे महिन्यात दहाबारा मराठी माणसांना दक्षिण इटलीच्या डोंगरांत सायकलवर हिंडवून आणायचा. पैसे कमवायला नाही, नाव कमवायला तर नाहीच. का, ते मला फार उशिरा कळलं.

मी त्यांच्यात गेले तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते. रक्तातली साखर वाढली होती आणि डॉक्टरणीने, गोड हसत, चालायला किंवा सायकल चालवायला सांगितलं होतं. आमचं घर बेडोकला. मुलीबरोबर मी दोनतीनदा पार्कात सायकल काढली, पण ती पुढे जाऊन थांबायची, मी पोचले की "मॉम, यू सो स्लो, लाह!" म्हणायची आणि पुन्हा सुटायची. पोटची पोर असली तरी राग येतोच. शेवटी लिटिल इंडियात किराणा घेताना कुणीतरी सरांच्या ग्रुपचं सांगितलं. रविवारी सकाळी माउंट फेबरच्या पायथ्याशी या म्हणाले.

माउंट फेबर ही सिंगापुरातली टेकडी. महाराष्ट्रात तिला कोणी टेकडीही म्हटलं नसतं, पण गरिबाला तेवढीच. सर ग्रुपला तिच्यावर चढवायचे, उतरवायचे, पुन्हा चढवायचे, इटलीतल्या एका घाटाइतका चढ भरेपर्यंत. पहिल्या दिवशी मी वर पोचले तेव्हा बाकीचे केव्हाचे पोचून गप्पा मारत होते. मी मनात म्हटलं, आता हे "चला" म्हणणार. आयुष्यभर हेच बघितलं होतं. शाळेची सहल असो, सासरच्या माणसांबरोबर गड चढणं असो, पुढचे थांबतात, आपण धापा टाकत पोचतो, ते म्हणतात "आली बघा!" आणि उठून चालायला लागतात. त्यांना वाटतं, आपण किती वेळ वाट बघितली.

सरांनी पाठीवरची पिशवी सोडली. आतून स्टीलचा डबा काढला. डब्यात शेंगदाण्याचे लाडू होते, गुळाचे, जरा ओबडधोबड. पहिला लाडू त्यांनी माझ्या हातावर ठेवला. बाकीचे सगळे डब्याकडे बघत होते.

"बसा," सर म्हणाले. "खा. सावकाश."

"बाकीच्यांना?"

"तुमचा संपला की."

मला वाटलं चेष्टा चाललीय. पण खरंच कोणी हात पुढे केला नाही. मी घाईघाईने दोन घासांत लाडू कोंबायला गेले तर ठसका लागला. सर शांतपणे म्हणाले, "काऊन घाई करून राह्यल्या? विसावा तुमच्यापासून सुरू झाला आता. यांचा होता तो नुसता टाइमपास." माझा लाडू संपला, मग डबा फिरला, सगळ्यांनी खाल्लं आणि मग सर उठले. सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा मी आणि बाकीचे एकाच दमाने निघालो होतो. उतारावर वाऱ्याने डोळ्यांत पाणी येतं असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. वारा फारसा नव्हता.

साखरेचं म्हणाल तर डॉक्टरणीला मी लाडवाबद्दल कधीच सांगितलं नाही.

हा नियम सरांनी कुठेही मोडला नाही. लाडू ते स्वतः करायचे, शनिवारी रात्री. सेरंगून रोडवरच्या एकाच दुकानातले शेंगदाणे त्यांना चालायचे. त्यांची बायको, जिला आम्ही ताई म्हणायचो, ती लाडवांना हातही लावायची नाही. "मी केले तर चांगले होतील, मग याचं कसं व्हायचं," असं ती म्हणायची.

दुसरा नियम त्याहून चमत्कारिक होता. मागे राहिलेल्याच्या सोबतीला कोणी थांबायचं नाही. मला आधी हे दुष्टपणाचं वाटलं. एकदा ठाण्याच्या एका भल्या गृहस्थाने माझ्या बाजूने हळूहळू चालवत "येतंय, येतंय, छान" असं सुरू केलं, तर सरांनी वर पोचल्यावर त्याला बाजूला घेतलं. "बाजूनं कोणी दया करत चाललं की माणूस आपला दम सोडून त्याच्या दमानं चालवते. सोबत करू नका. वर जा आणि थांबा." ते गृहस्थ दुखावले. पण खरं सांगते, एकटीने चढताना, वर कोणीतरी बसलंय आणि माझ्याशिवाय तिथलं काही सुरू होणार नाहीये, हे माहीत असणं ही फार मोठी गोष्ट होती.

या सगळ्याचा सर्वांत जास्त त्रास व्हायचा तो बाणाला. बाण म्हणजे आमच्यातला सगळ्यात वेगवान. पस्तिशीचा, मुंबईचा, एका बँकेच्या सॉफ्टवेअरचा मॅनेजर. नाव वेगळं, पण आम्ही बाणच म्हणायचो. सायकलिंगच्या बुटांना खाली खिळपट्टी असते आणि ती पेडलमध्ये अडकते. बाण वर पोचला तरी एक बूट पेडलमधून काढायचा नाही. एक पाय जमिनीवर, एक पेडलवर अडकवलेला, अशा अवस्थेत तो माझ्यासाठी थांबायचा, सुटायच्या तयारीत. मी दिसले की त्याचा चेहरा खुलायचा आणि मी बसले की पडायचा. "सर, बॉडी थंड पडते," तो म्हणायचा. "मग शर्ट घाल," सर म्हणायचे.

वैशाख पौर्णिमेची इथे सुट्टी असते. त्या दिवशी सकाळी सरांच्या घरी बुद्धवंदना व्हायची, ताईच्या हातची खीर, आणि मग सगळे पुलाउ उबीनला. उबीन हे बेट. तिथे जायला धक्क्यावरून छोटी लाकडी बोट असते आणि बारा माणसं झाल्याशिवाय ती सुटत नाही. एका वर्षी आम्ही अकरा होतो. बारावा माणूस येईना. ऊन चढत होतं. बाण बोटवाल्याला म्हणाला, "अंकल, आय पे फॉर वन मोअर, कॅन?" बोटवाला म्हणाला, "कॅन, कॅन." सर म्हणाले, "नाही." मग हात जोडल्यासारखे करून बोटवाल्याला म्हणाले, "वी वेट." आम्ही थांबलो. बऱ्याच वेळाने एक मलय आजी, हातात दोन कोंबड्यांची टोपली, डुलत डुलत आली. सरांनी उठून तिला आपली जागा दिली आणि डबा काढून पहिला लाडू तिला दिला. आजीने तो हुंगला, हसली, आणि अख्खा प्रवास बारीक बारीक तुकडे करून खात बसली. पलीकडचा धक्का आला तरी तिचा संपला नव्हता. सर बोटीतून उतरेनात, म्हणून आम्हीही उतरलो नाही. बोटवाला त्याच्या भाषेत काय बोलला ते देव जाणे.

इटलीच्या तयारीचे सरांचे प्रकार निराळेच होते. मेच्या आधी चार महिने, दर रविवारी दुपारी एक वाजला की ते जाहीर करायचे, "दुकान बंद." त्यानंतर कोणी काही विकत घ्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही. आम्ही खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरवरून जायचो. आत उसाचा रस निघतोय, भाताचा, भाजलेल्या माशाचा वास येतोय, पंखे फिरतायत.

"सर, उघडं आहे समोर," बाण कळवळून म्हणायचा.

"तुले दिसते उघडं. तिथं दिसणार नाही. दुपार झाली. बंद."

आम्ही हसायचो, पण सिंगापूरच्या माणसाची खोड त्यांनी बरोबर ओळखली होती. इथे रात्री-अपरात्री कुठेही उभं राहा, हाकेच्या अंतरावर खायला मिळतं. त्यामुळे इथला माणूस बरोबर काही घेतच नाही. भूक लागली की घेऊ, हे आमच्या हाडात मुरलेलं. आणि त्या दक्षिण इटलीतल्या डोंगरगावांत दुपारी एकपासून संध्याकाळपर्यंत सगळं मिटतं. दुकान, खानावळ, कॉफीचं टपरीवजा ठिकाण, सगळ्यांच्या फळ्या ओढलेल्या. रस्त्यावर फक्त ऊन आणि एखादं कुत्रं.

मी तिथे पहिल्यांदा गेले ते सरांबरोबर. बाझिलिकाता नावाचा भाग, इटलीच्या बुटाच्या तळव्याकडचा. गावं डोंगरांच्या माथ्यावर बांधलेली, त्यामुळे कुठूनही कुठे जायचं तर आधी उतरायचं आणि मग चढायचं. मधल्या उतारांवर गहू. हिरवागार, वाऱ्याने लोळणारा गहू, कडेला लाल खसखशीची रानफुलं आणि पिवळ्या फुलांची झुडपं, त्यांचा वास चढावर छातीत भरायचा. रस्ते दुरुस्त कमी आणि खचलेले जास्त. अर्ध्या वाटेवर "रस्ता बंद" अशी पाटी असायची आणि सर तिच्या बाजूने शांतपणे सायकल काढायचे. त्यांचा प्रत्येक मार्ग झऱ्यापासून झऱ्यापर्यंत आखलेला. तिथे रस्त्याच्या कडेला दगडी हौदांतून डोंगराचं पाणी सतत वाहतं. "पाणी आहे तिथून रस्ता काढायचा. डोंगर आपोआप येते मधात," ते म्हणायचे. फेबरवर चढताना ते आम्हाला या सगळ्याचं वर्णन ऐकवायचे. आता डावीकडे ऑलिव्हची बाग, आता मेंढ्यांचं पांढरं कुत्रं अंगावर येईल, थांबून त्याच्याशी बोला. तिथे गेल्यावर मला वळणं ओळखीची वाटली. कुत्रंही आलं. मी मराठीत त्याच्याशी बोलले आणि त्याने ऐकलं.

फक्त एक गोष्ट खटकायची. नकाशावर एक सरळ घाट होता. खालच्या गावापासून चेस्टनटच्या रानातून वरच्या गावात जाणारा. सुंदर रस्ता, असं तिथले लोकही सांगत. पण सरांचे सगळे मार्ग त्याला वळसा घालून जायचे. त्या वळशात दोन चढ जास्तीचे पडायचे, आणि जास्तीचा चढ म्हणजे काय ते माझ्यासारखीला विचारा. दुसऱ्या वर्षी, एका गावच्या चौकात संध्याकाळी आम्ही म्हाताऱ्या माणसांच्या ओळीत बाकावर बसलो होतो, तेव्हा मी सरळच विचारलं.

सरांनी बूट काढले, पाय समोर लांब केले.

"सिंगापुरात नवा होतो मी," ते म्हणाले. "ऑफिसातल्या सहासात जणांबरोबर आलो होतो इथं. मराठी कोणी नाही. सगळे माझ्यापेक्षा फास्ट. पण वाईट नव्हते हो. दर चढावर थांबले माझ्यासाठी. मी पोचलो की म्हणायचे, ओके, गुड, लेट्स गो. त्यांचा थकवा गेलेला असे. माझा आता आला असे. आणि खायला कोणाजवळच काही नाही. गाव आलं की घेऊ. गावं आली न, सगळी झोपलेली. त्या घाटात अर्ध्यात मी एका झाडाखाली बसलो. वरून कोणीतरी हाक मारली. मी हात केला, जा म्हणून. सायकल वळवली आणि खाली आलो."

"भांडलात त्यांच्याशी?"

"काय म्हणून भांडू? थांबले होते न ते."

चौकातल्या म्हाताऱ्यांपैकी एकाने आम्हाला काहीतरी विचारलं, आम्ही दोघांनी मान हलवली. मी म्हटलं, "मग नंतर का नाही चढलात? आता तर तुम्ही कुठलाही घाट चढता."

"चढता येते मले. त्यात काय आहे. पण आता मी म्होरक्या, मी आधी पोचतो आणि थांबतो. तो घाट तसा नाही चढायचा." आणि थोड्या वेळाने, अगदी सहज, "वर कोणी थांबलेलं पाह्यजे, बापा."

मी त्यांना पाण्याची बाटली दिली.

त्यानंतरच्या वर्षी सरांच्या छातीत दुखलं. ऑफिसातूनच हॉस्पिटलात नेलं, स्टेंट टाकले. आम्ही भेटायला गेलो तर पलंगावर बसून नर्सला सांगत होते की या मजल्याची फरशी खिडकीकडे उतरती आहे. पुढचे सात महिने सायकल बंद. निवृत्तीही जवळ आली होती, आणि दोघांनी अकोल्याला परत जायचं ठरवलं होतं. मग डॉक्टरांनी सांगितलं, चालवा, पण जोर लावायचा नाही; दम लागला की उतरून चालायचं. त्या रविवारी सर फेबरवर आले. मी वर पोचले, नेहमीसारखी डब्याकडे बघितलं, आणि माझ्या लक्षात आलं की डबा नाहीच. सर अजून यायचे होते. मी शेवटची नव्हते. याचा मला आनंद व्हायला हवा होता, पण मी वळून खालच्या रस्त्याकडे बघत उभी राहिले.

सर आले, हळू, पायी, सायकल ढकलत. आणि चेहरा असा की लॉटरी लागलीय.

"बघितलं न?" मला म्हणाले. "मी शेवटी आलो. आता तो घाट जमते."

ताईचा मला फोन आला तो जायच्या आठवडाभर आधी. ताई कधी फोनवर लांबण लावत नाही. "तो ऐकणार नाही. डॉक्टर हो म्हणाला आहे. मी गाडीतून येते आहे तुमच्याबरोबर. एकच सांगते, त्याला कोणी सोबत करू नका म्हणतोय, तर करू नका. पण वर असा. काय वाट्टेल ते झालं तरी वर असा." मी हो म्हटलं. त्या रात्री नवऱ्याला हे सांगताना मला रडू आलं आणि तो बिचारा गोंधळून माझ्यासाठी चहा करायला गेला.

घाटाच्या दिवशी सकाळी सरांनी डबा माझ्या हवाली केला. "जड होते मले," एवढंच म्हणाले. वरच्या गावात एका बाईच्या खानावळीत आम्ही जेवण सांगून ठेवलं होतं. दोनपर्यंत आलात तर वाढीन, नंतर चूल बंद, असं तिने आमच्या गाडीच्या ड्रायव्हरकडून बजावून सांगितलं होतं. ताई गाडीतून वर गेली. आम्ही एकेक करून निघालो. चेस्टनटच्या रानात गारवा होता आणि सकाळी मेंढ्या गेल्याचा वास होता. मी मागे वळून बघितलं नाही. बघायचं नाही असं ठरवूनच निघाले होते.

वर पोचले तेव्हा बाण होताच, एक बूट पेडलमध्ये. हळूहळू बाकीचे आले. माथ्यावर एक कठडा आहे, तिथून खाली घाटाची वळणं दिसतात; मधला मोठा पट्टा रानात बुडतो आणि मग वरची तीन वळणं पुन्हा उघडी. कठड्याशी ताई उभी होती. खूप खाली नारिंगी ठिपका दिसला. ढकलत नव्हता, चालवत होता. मग रानात शिरला.

आम्ही बघत राहिलो. ठिपका रानातून बाहेर येईना.

ड्रायव्हर आला, त्याने मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं आणि वरच्या गावाकडे दाखवून तोंडात घास घातल्याची खूण केली. मी मान हलवली. तो खांदे उडवून बाजूला उभा राहिला. सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते आणि डबा माझ्या मांडीवर बंद होता.

"ताई, मी खाली जाऊन येऊ?" बाण म्हणाला. "दोन मिनिटांत पोचतो."

मलाही तेच वाटत होतं. एका माणसाच्या हट्टापायी आपण सगळे मूर्खासारखे उभे आहोत आणि तो तिथे पडला असेल तर, हा विचार काही केल्या जाईना. मी ताईकडे बघितलं. ताईने कठड्यावरचा हात काढला नाही.

"त्याचं झाड आहे तिथे," ती म्हणाली. "बसला असेल. वर बघत असेल, कोणी हाक मारतं का." मग जरा थांबून, "मारा की."

आधी कोणालाच कळलं नाही. मग ठाण्याचे गृहस्थ पुढे झाले आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडले, "सर!" मग आम्ही सगळेच. "सर! ओ सर!" परक्या देशाच्या डोंगरात दहा मराठी माणसं घसा फाडून ओरडत होती. खाली कुठेतरी कुत्रं भुंकायला लागलं. आमचा आवाज थांबला तेव्हा एकदम फार शांत वाटलं.

आणि रानाच्या कडेला नारिंगी हेल्मेट आलं. चालत. सायकल ढकलत. त्यांनी मान वर केली, हात केला. जा म्हणून नव्हे. येतो म्हणून.

ती तीन वळणं त्यांनी कशी काढली ते मी सांगू शकत नाही, कारण मला नीट दिसत नव्हतं. पहिल्या वळणानंतर ते सायकलवर बसले, दुसऱ्यावर पुन्हा उतरले. शेवटच्या वळणाला, कठड्याच्या अगदी खाली, पुन्हा बसले. माथ्यावर आले ते चालवत. सायकल ताईकडे दिली आणि रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. शर्ट पाठीला चिकटलेला. बोलता येत नव्हतं. ताईने त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली, मनात काही मोजलं आणि मान हलवली, ठीक म्हणून.

मी डबा उघडला. पहिला लाडू त्यांच्या हातावर ठेवला.

सरांनी तो घेतला, बघितला. त्यांची नजर आमच्यावरून फिरली, मग ड्रायव्हरच्या घड्याळाकडे गेली. "अरे," ते कसेबसे म्हणाले, "ते जेवण... दोन वाजले न? चला, निघू. गाडीत खातो मी हा."

दोनतीन जण उठलेसुद्धा. सवयच ती. तेवढ्यात खट्ट असा आवाज आला. बाणाने पेडलमधून बूट सोडवला होता. त्याने सायकल उचलून बाजूला गवतात आडवी ठेवली, सरांसमोर डांबरावर मांडी घालून बसला, दोन्ही बूट काढले, मोजे काढले आणि नीट घडी करून बुटांत ठेवले.

"दुकान बंद आहे, सर," तो म्हणाला. "दुपार झाली. तुम्ही खा."

आम्ही सगळे खाली बसलो. सरांनी लाडवाचा बारीकसा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि सावकाश चावायला लागले.